उलटी फळी

विमलताईंनी इंदूला आधीच सांगून ठेवलं होतं. जिनिंगच्या स्टोअरकीपरची बायको त्या. शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायच्या, आणि नव्या बिऱ्हाडातल्या बाईला त्यांनी महिन्याभरात पुरतं ओळखलं होतं. निमित्त झालं दुधाचं. दूधवाला रामसिंग दुधात पाणी घालतो असं इंदूच्या मनानं घेतलं. मग आठ दिवस खिडकीच्या पडद्याआडून पाळत. रामसिंग कॉलनीच्या नळाखाली कॅन धरतो हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला दारातूनच वाटेला लावलं. मागाहून कळलं की सगळीकडे दूध घालून झाल्यावर बिचारा रिकामी कॅन विसळत असे.

"तुह्ये डोळे लई तेज हायेत, इंदू," विमलताई तेव्हा म्हणाल्या होत्या. "पण तू पाह्यतं लई अन् विचारतं कमी. कोनाचं काही खटकलं तं आंधी त्यालेच विचारत जाय, माय. नाही तं एक दिवस कोन्या गरिबाचा घात करशील."

इंदूनं ते हसण्यावारी नेलं. नागपूरच्या कॉलेजातून ती बी.ए. झाली होती, तर्कशास्त्रात वर्गात पहिली आली होती. पाहायचं, टिपायचं आणि त्यावरून अनुमान काढायचं, हे तिला कुणी चुलीपाशी बसून शिकवावं असं नव्हतं.

हे जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, घाटंजीपासून तीन मैलांवर, यवतमाळच्या रस्त्याला. त्याच्या मागं मुरमाड माळ पसरलेला, आणि त्या माळावर तीसेक वर्षांपूर्वी एका इंग्रज मॅनेजरनं नऊ होलांचं गोल्फचं मैदान आखलं होतं. साहेब गेला, साहेबाचं राज्य गेलं, मैदान मात्र राहिलं. विलायतेतली हिरवळ या बरडावर कुठून उगवायची? म्हणून प्रत्येक होलाभोवती दहा-बारा पावलांचं वाळूचं रिंगण केलेलं, आणि वाळू वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात इंजिनाचं जळकं तेल मुरवलेलं. टेकाडावरून पाहिलं तर कुणी माळावर नऊ काळ्या भाकरी थापून ठेवल्यासारखं दिसे. चेंडू त्या रिंगणात येऊन थांबला की राखणदारानं लांब दांड्याची लाकडी फळी वाळूवरून ओढायची, चेंडूपासून होलापर्यंत गुळगुळीत पट्टा करून द्यायचा, आणि खेळणाऱ्यानं त्या पट्ट्यावरून चेंडू लोटायचा. ही फळी ओढणारा माणूस वीस वर्षं एकच होता, वाहिदमियाँ.

एरवी इंदूला या खेळाशी काही देणंघेणं नव्हतं. चार शहाणीसुरती माणसं काठ्या घेऊन एका चेंडूमागे उन्हात हिंडतात, यात पाहण्यासारखं काय? पण एकसष्ट सालच्या नवरात्राच्या आधी गोष्ट तिच्या घरापर्यंत आली.

तिची कुंदा दीड वर्षांची. हंगाम सुरू झाला, जिनाची यंत्रं फिरायला लागली, की हवेत रुईचे तंतू तरंगायचे. ताटावर, पाळण्यावर, पोरीच्या पापण्यांवरसुद्धा पांढरी लव बसायची. मागच्या हिवाळ्यात कुंदा अशी खोकली की खोकता खोकता ओठ निळे पडायचे. यवतमाळच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं, की औषधापेक्षा हिला या रुईतून बाहेर काढा. बाहेर म्हणजे कुठं? नोकरी जिनात, क्वार्टर जिनात. सगळ्या आवारात रुई पोचत नसे अशी जागा एकच, टेकाडावरचा मॅनेजरचा बंगला. वारा तिकडून इकडे वाहायचा. आणि जुने मॅनेजर दिवाळीनंतर निवृत्त व्हायचे होते.

त्या जागेवर हक्क सांगणारे दोघं. एक इंदूचे यजमान मारोतराव, उमरखेडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, डिप्लोमा झालेला, यंत्रांचा जाणकार. दुसरे बापूजी, जिनाचे कापूस पारखणारे. चिमूटभर रुई दोन बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगणारे, केस पिकलेले, बोलायला मऊ. मालक शेठजी नागपूरला राहायचे आणि त्यांना या खेळाचं वेड होतं. त्यांनी कळवलं, की मला दोघंही सारखेच. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तुम्ही दोघं नऊ होल खेळा, मी येऊन पाहतो. माणूस कागदावर कळत नाही, मैदानावर कळतो.

मारोतराव हसत हसत घरी आले. इंदूला हसू आलं नाही. तिला मांडीवर झोपलेल्या पोरीच्या छातीतली घरघर ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक दोनशे पानी वही केली. मारोतरावांची खोड तिला पाठ होती: हात नांगराचे. चेंडू मारायचे तो दृष्टीआड जायचा, मग अर्धा तास शोधाशोध. डोकं लावून खेळायचं तर प्रत्येक होलाला काय करायचं आणि काय करायचं नाही, हे लिहून हाताशी असायला हवं. सकाळी कुंदाला कडेवर घेऊन ती मैदानभर हिंडू लागली. वाहिदमियाँ तेव्हा रिंगणं झाडत असायचा. पन्नाशीचा वाळकुडा माणूस, पायात टायरच्या चपला, दाढीत दोन-चारच केस काळे उरलेले. ती विचारायची, तो सांगायचा, ती टिपून घ्यायची.

पहिला होल साहेबाच्या वेळच्या क्लबाच्या ओसरीपुढून सरळ पळसाच्या झाडाकडे जायचा. तिथली जमीन इतकी टणक की चेंडू आपसूकच पुढं पळे. "साहेबाले सांगा, इथं ताकद नाही लागत," वाहिद म्हणाला. "जमीनच चेंडू घेऊन जाते." दुसऱ्याला आडवा नाला, हौशी माणूस एका फटक्यात पार करायला जातो आणि खाली गोट्यांत अडकतो, म्हणून नाल्याच्या अलीकडे थांबायचं आणि दुसऱ्या फटक्यात ओलांडायचं. तिसरा चढावर, आखूड, मागं बाभळीचं बन. कमी पडलं तरी चालेल, जास्त नको. चौथ्याची गंमत वेगळीच होती. त्याच्या उजव्या अंगाला एका शेतकऱ्याची कपाशी होती, आणि दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटली की त्या पांढऱ्या रानात पांढरा चेंडू गेला तो गेलाच. इंग्रज साहेब म्हणे तिथं चेंडूला लाल रंग लावायचा. वहीत इंदूनं लिहिलं, 'लांब पडलं तरी डावीकडूनच. कपाशीकडे नजरसुद्धा नको.'

पाचवा जुन्या विहिरीला वळसा घालून जायचा. सहावा अगदी कॉलनीला लागून, इंदूच्या ओसरीसमोर. सातवा सगळ्यांत लांब. तिथं मात्र मारोतरावांनी हात मोकळा सोडायला हरकत नव्हती. आठव्याच्या मध्ये मुरमाची खदान, तिच्या उजव्या काठानं हळूहळू जायचं. आणि नववा चढत चढत थेट बंगल्याच्या व्हरांड्याखाली. त्या होलापाशी उभं राहून इंदू वर पाहायची. रुंद व्हरांडा, दोन कडुनिंब, आणि श्वास घ्यावा तर नुसती हवा.

वही भरत गेली तशी मनात पालही चुकचुकायला लागली.

पहिल्यांदा चुकचुकली ती पाचव्या होलाला. सोमवारी वाहिद म्हणाला होता, विहिरीच्या डाव्या अंगानं घ्या. तिनं शाईनं लिहिलं. मधे बुधवारी हंगामाच्या पहिल्या कापसाच्या गाड्या आल्या आणि दिवसभर कुंदाला घेऊन ती दारंखिडक्या लावून बसली. गुरुवारी मारोतराव खेळताना तिनं ओसरीवरून ऐकलं, वाहिद त्यांना सांगत होता, उजव्या अंगानं घ्या साहेब. सोमवारी डावं, गुरुवारी उजवं. विहीर काय तीन दिवसांत जागची हलली? तिनं 'डावीकडून' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि वाहिदच्या नावापुढं प्रश्नचिन्ह काढलं.

मग एकेक दिसू लागलं. दर शुक्रवारी नमाजहून परतताना वाहिद बापूजींच्या ओसरीवर चहाला थांबतो. दोघं हळू आवाजात बोलतात. एकदा ती कुंदाला घेऊन सहाव्या रिंगणाच्या काठावर उभी असताना तो फळी थांबवून म्हणाला, "बाईसाहेब, लेकराले इकडे नका आनत जाऊ. तेलाचा वास झोंबते तिले." इतक्या दिवसांत कधी नाही, आणि आताच का बरं माझं इथं उभं राहणं याला नको झालं? इंदू काही न विचारता घरी आली आणि ओसरीवरच्या खुर्चीचं तोंड मैदानाकडे फिरवून बसली.

तिथूनच तिला ते सापडलं.

सहाव्या रिंगणात बापूजींचा चेंडू आला की वाहिद चेंडूपाशी फळी टेकवायचा आणि होलाकडे ओढत न्यायचा. मारोतरावांचा चेंडू आला की तो होलापाशी जाऊन उभा राहायचा आणि फळी उलटी, होलाकडून चेंडूकडे ओढत आणायचा. एकदा वाटलं, चुकून. तिनं अकरा संध्याकाळी मोजल्या. अकराच्या अकरा वेळा तसंच. फळी ओढली की वाळूचे कण त्या दिशेला निजतात, हे तिनं स्वतः बोट फिरवून पाहिलं. म्हणजे बापूजींचा चेंडू कणांच्या अंगानं जाणार, आणि ह्यांचा अंगावर येणाऱ्या कणांतून. बापूजींनी नुसतं टिचकावलं तरी चेंडू गुळाकडे मुंगी जावी तसा होलात. मारोतरावांचा चेंडू तोंडाशी येऊन थबकायचा, कधी आत पडायचा, कधी नाही.

तिनं मारोतरावांना सांगितलं. ते बूट काढत होते. त्यांनी फळीकडे कधी बघितलंच नव्हतं. खेळणारा चेंडूकडे बघतो.

"अगं, इकडून ओढली काय अन् तिकडून ओढली काय, वाळूच ती," ते म्हणाले. "तू पोरीकडं बघ. मी चेंडूकडं बघतो."

"मी पोरीकडंच बघतेय," इंदू म्हणाली.

विमलताईंनाही ती बोलली. त्यांनी ऐकून घेतलं आणि वाती वळता वळता एवढंच विचारलं, की वाहिदले पुसलं का? इंदूला राग आला. चोराला का कुणी विचारतं, बाबा रे, चोरी केलीस का म्हणून? तो सावध होणार, सामन्याच्या दिवशी सरळ वागणार आणि त्याऐवजी दुसरं काही करणार. त्यापेक्षा गप्प राहावं, आणि वेळ आली की पुराव्यानिशी बोलावं.

वेळ सामन्याच्या आदल्या दिवशी आली. शेठजी मोटारीनं आले, क्लबाच्या ओसरीवर चहा झाला, कॉलनीतल्या बायकांनी चिवडा-शंकरपाळे नेले. शेठजींनी कुंदाच्या गालाला हात लावला आणि पोर खोकू लागली. तो खोकला थांबेपर्यंत इंदू उभी राहिली. मग तिनं वही उघडली आणि शांत आवाजात, तारखांसकट, अकरा संध्याकाळी वाचून दाखवल्या. मारोतरावांनी मान खाली घातली. बापूजी कपातल्या चहाकडे पाहत राहिले.

शेठजींनी वाहिदला बोलावून घेतलं.

"बाई म्हणतात ते खरं आहे? दोघांना दोन तऱ्हेनं फळी ओढतोस?"

वाहिदनं इंदूकडे पाहिलं. मग मारोतरावांकडे पाहिलं. मग म्हणाला, "जी शेठजी. खरं हाये."

का, हे शेठजींनी विचारलं नाही. गुन्हा कबूल झाल्यावर कारण कोण विचारतं? ते म्हणाले, उद्या दोघांनाही फळी सरळ ओढायची, चेंडूकडून होलाकडे, आणि ती फकिरा ओढेल. फकिरा हा क्लबाचा शिपाई, चहाचे कप उचलत तिथंच उभा होता. वाहिदला त्यांनी काढून टाकलं नाही; उद्यापासून रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या गोदामात जा म्हणाले.

वाहिदनं फळी आणून भिंतीला टेकवली. "ओली करून घेत जाजो, फकिरा," तो म्हणाला. "कोरडी असली तं ओरखडे काढते." आणि तो पायऱ्या उतरून गेला. इंदूला वाटलं, बघा कसा साळसूद.

सामना सकाळी आठला सुरू झाला. कमी फटक्यांत चेंडू आत घालेल त्याचा होल, आणि नऊ होलांपैकी ज्यानं जास्त जिंकले तो विजयी. कुंदाला विमलताईंकडे ठेवून इंदू बायकांच्या घोळक्यात मागोमाग चालत होती, वही पदराखाली. पहिल्या होलाला मारोतरावांनी वहीबरहुकूम हात राखून मारलं, जमिनीनं चेंडू नेला, आणि दोन फटक्यांत ते काळ्या रिंगणात पोचले. बापूजींना तीन लागले. इंदूनं सुस्कारा सोडला. फकिरानं ओली फळी सरळ ओढली. मारोतरावांनी रोजच्यासारखा चेंडू लोटला, आणि चेंडू होलाला खेटून पुढं गेला, रिंगण ओलांडून गवतात शिरला. परतून लोटला, तो अलीकडच्या काठावर, आणि तिथूनही आणखी दोन फटके गेले. बापूजींनी दोनच टिचक्यांत होल जिंकला.

पहिलाच होल, हात बसला नसेल, असं तिनं मनाला सांगितलं. दुसऱ्याला नाल्याअलीकडे थांबायची युक्ती कामी आली. तिथून मारलेला चेंडू होलाच्या कडेवरच पडला आणि लोटायचं कामच उरलं नाही. तिसऱ्याला पुन्हा तेच. रिंगणात आधी पोचायचं ते मारोतरावांनी, आणि मग चेंडू वाळूवरून असा घरंगळायचा की जणू रिंगणालाच उतार आलाय. चौथ्याला बापूजींचा चेंडू कपाशीत गेला; पाच माणसं वाकून शोधत राहिली आणि बोंडांखेरीज काही सापडलं नाही. दोन-दोन झाले.

पाचव्याला मारोतराव थबकले, त्यांनी मागं वळून तिच्याकडे पाहिलं. तिनं डावीकडे मान केली. चेंडू डावीकडे गेला, दोनदा उसळला आणि दिसेनासा झाला. जवळ गेल्यावर इंदूला दिसलं: विहिरीच्या डाव्या अंगानं बैलगाड्यांच्या चाकोऱ्या उमटल्या होत्या, वीतभर खोल, उन्हानं विटेसारख्या घट्ट झालेल्या. चेंडू चाकोरीच्या तळाशी बसला होता. तो काढण्यात तीन फटके गेले. बुधवारच्या गाड्या. सोमवारी चाकोरी नव्हती, गुरुवारी होती. गाड्या आलेल्या तिला ठाऊक होत्या, तिनं तर त्यांच्या धास्तीनं खिडक्या लावून घेतल्या होत्या.

पण या एकाच गोष्टीत तो खरं बोलला असेल, असं तिच्या मनानं लगेच समजावलं. माणूस दहात एक खरं बोलतोच, बाकीचं नऊ खपावं म्हणून.

सहावा तिच्या ओसरीसमोर गेला, तोही वाळूतच. सातव्याला नांगराच्या हातांनी नाव राखलं. आठव्याला बापूजी खदानीत उतरले ते चार फटक्यांनी वर आले. चार-चार. राहिला नववा.

बंगल्याच्या चढावर बापूजींना धाप लागली. त्यांनी पाच फटक्यांत होल पुरा केला आणि ते कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. मारोतराव तीन फटक्यांतच रिंगणात होते, होलापासून तीन पावलांवर. एका लोटण्यात पडला तर बंगला. दोनांत पडला तरी बरोबरी. फकिरानं फळी ओढली. इंदूनं डोळे मिटले नाहीत, ती कधीच मिटत नसे. मारोतरावांनी या वेळी अगदी जपून, जसा कुंदाला हात लावतात तसा हात लावला. चेंडू होलाच्या काठावरून गिरकी घेऊन पुढं चार पावलं गेला. परत लोटला, पुन्हा पुढं. तिसऱ्यांदा पडला तेव्हा शेठजी बापूजींच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापूजी इंदूच्या घरी आले. मारोतराव जिनात होते. ते आत आले नाहीत, ओसरीच्या पायरीवरच बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून.

"बाई, तुम्ही परवा माह्या बाजूनं बोलल्या," ते म्हणाले. "तुमच्या ध्यानात नाही आलं."

इंदू दारात येऊन उभी राहिली.

"माहा हात हलका. जनमभर रुईच चिमटून राह्यलो. चेंडू पोचतच नाही, म्हणून वाहिद माह्यासाठी फळी होलाकडे ओढे. मारोतरावाचा हात जड. त्याईच्यासाठी उलटी ओढली, म्हणून त्याईचा चेंडू होलापाशी थांबे. नाही तं तो घाटंजीले गेला असता." ते थोडं हसले आणि हसू तिथंच सोडून दिलं. "इथं जुनी रीतच हाये ती. ज्याचा जसा हात, तशी फळी. साहेबाच्या काळापासून. त्यानं तुमच्या नवऱ्याले दोन वर्षं सांभाळलं, अन् त्याईले पत्ता नाही लागू देला."

"मग तो शेठजींपुढं बोलला का नाही?"

"काय बोलन? की मारोतरावाच्या हाताले अंदाज नाही, म्या सावरून घेतो? सामन्याच्या आदल्या दिवशी? तुमचाच बंगला गेला असता नं."

 इंदू उंबऱ्यावर बसली. मग तिनं विचारलं, कारण विचारायला ती आता शिकली होती, आणि फार उशिरा शिकली होती.

"आणि तुम्ही? तुम्हाला तर सगळं माहीत होतं. तुम्ही का नाही बोललात?"

बापूजींनी टोपी उचलली, झटकली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"मलेही बंगला पाह्यजे होता, बाई."

जाताना ते म्हणाले, की बंगल्याचा व्हरांडा मोठा आहे, लेकराला दिवसभर वर पाठवत जा. 

ती तशीच, पायात चपला न घालता, वाहिदच्या खोलीकडे गेली. खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं. आत चूल सारवलेली, कोपरा न् कोपरा झाडलेला. विमलताई मागून आल्या. त्यांनी सांगितलं, की वाहिद अन् त्याची बायको आयशाबी सकाळच्या उमरखेडच्या मोटारीनं गेले. आयशाबीचा भाऊ जफर फुलसावंगीत सायकली दुरुस्त करतो, त्याच्याकडे. प्रेसच्या गोदामात जायला वाहिदनं नकार दिला होता. विमलताई त्याहून जास्त एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच इंदूला लागलं.

कुंदा त्या हिवाळ्यात बंगल्याच्या व्हरांड्यावर वाढली. इंदू रोज सकाळी तिला वर नेऊन सोडायची आणि दिवेलागणीला आणायची. पोर खोकायची कमी झाली, हे खरं. मुलीसाठी इंदूनं मान खाली घातली. आई मान खाली घालते, तिला दुसरं काय येतं? मारोतरावांनी काठ्या माळ्यावर टाकल्या. शेठजींचं मन पुढं बॅडमिंटनवर गेलं. फकिरा एक-दोन महिने फळी ओढत होता, मग तेही थांबलं, आणि आता त्या काळ्या रिंगणांतून गवत उगवलं आहे.

फुलसावंगीला इंदूनं तीन पत्रं घातली. पहिलं परत आलं नाही, त्याचं उत्तरही आलं नाही. दुसऱ्यात तिनं उत्तरासाठी जोडकार्ड ठेवलं, आपला पत्ता स्वतःच्या हातानं लिहून. तिसरं फक्त आयशाबीच्या नावानं. मारोतराव गावी जाताना त्या वाटेनं दोनदा गेले. दोन्ही वेळा उतरले नाहीत, आणि का, ते तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, माझ्यानं नाही झालं. जिनातला एक गाडीवान सांगतो, की वाहिदमियाँ तिथल्या शाळेचं आंगण चोपायला जातो, तब्येतही ठीक आहे. दुसरा म्हणतो, छे, तो दुसराच कुणी म्हातारा. वाहिद तर पावसाळ्यात आजारी पडला होता आणि पुढं काय झालं ठाऊक नाही. दोघांपैकी कुणाचं खरं मानावं? इंदू आता कुणाबद्दलच नुसत्या अंदाजानं काही मानायला तयार नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणी उमरखेड-महागावच्या बाजूला जाणारं असेल, तर तिचं एक काम करा, असं तिचं सांगणं आहे. फुलसावंगीला उतरा. जफर सायकलवाल्याचं दुकान विचारा. तिथं वाहिद नावाचा माणूस आहे का, त्याची तब्येत कशी आहे, हाताला काम आहे का, दोन वेळा नीट जेवतो का, एवढं बघा. लांबून बघून परतू नका. त्याच्याजवळ जा, बसा, आणि त्यालाच विचारा.